टेन्स मशीनचा 'करंट लागेना' झालाय? दुकानात परत न्यायच्या आधी हे बघा

गुडघ्याला नाहीतर कमरेला लावायचं, कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं ते छोटं टेन्स मशीन घरात येतं, पहिले चार-पाच दिवस लई भारी वाटतं, घरातले सगळे एकेकदा हाताला लावून बघतात, आणि मग कधीतरी दुसऱ्या आठवड्यात रड सुरू होते. "ह्यातनं काय येईना झालंय." "नुसतं टोचतंय." "मुंग्या येत्यात पण दुखायचं काय थांबंना." मग मशीन डब्यात, डबा कपाटावर, आणि महिन्याभरानं कुणीतरी परत काढतं, नवा सेल घालतं, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. माझं काम यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीचं, सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीच्या बाजूला, आणि ज्याच्याकडं मल्टिमीटर असतो त्याला विजेवर चालणारं सगळंच कळतं असा आपल्याकडं समज आहे, त्यामुळं विश्रामबागपासून मिरजेपर्यंतच्या ओळखीपाळखीतली ही मशीनं फिरून फिरून माझ्या टेबलावर येतात. आईच्या गुडघ्यापायी घरात पण एक रोज चालू असतं. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण टेबलावर आलेल्यांतली बहुतेक मशीनं धडधाकट निघतात, बिघाड असतो तो मशीनच्या बाहेर, पॅडात, वायरीत, कातडीवर, नाहीतर मोड लावण्यात.

बाकीचं नाही वाचलं तरी चालेल पण हे वाचा. चालू असताना मुंग्या एकदम बंद झाल्या तर हात पहिल्यांदा इंटेन्सिटीच्या नॉबवर गेला पाहिजे, वायरीवर नाही. शून्यावर आणा, मग काय हलवायचं ते हलवा. लोक काय करतात, काही लागेना म्हणून नॉब वाढवत जातात, वाढवलेला तसाच ठेवून वायर हलवून बघतात, पॅड दाबून बघतात, आणि तुटलेली वायर मधेच जुळली की सगळा करंट एका झटक्यात येतो. जीव जाण्यासारखं त्यात काही नसतं, पण साठीपुढच्या माणसाला असा फटका एकदा बसला की ते परत मशीन लावून घेत नाही. आमच्या शेजारच्या काकूंचं असंच झालं, आता त्या मशीनचा डबा बघितला तरी पाय पोटाशी घेतात.

आता तक्रार नीट ऐकून घ्या, कारण 'मशीन गेलं' या एका वाक्यात तीन वेगळ्या भानगडी असतात. मुंग्याच येत नाहीत, ही एक. मुंग्यांच्या जागी टोचतं, चावतं, पॅडाच्या एका कडेला आग होते, ही दुसरी. आणि मुंग्या व्यवस्थित येतात पण दुखणं हटत नाही, ही तिसरी. पहिली निघते वायरीतनं नाहीतर सेलातनं, दुसरी जवळजवळ कायम पॅडातनं, आणि तिसरीत मशीन उघडून काहीच सापडणार नाही, तिचा हिशोब वेगळा आहे, तिकडं नंतर येतो.

टोचण्यापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त तीच तक्रार येते. चिकट पॅडाला वरनं कापड नाहीतर फोम असतो, आत कार्बनचा पातळ थर, आणि कातडीला लागतं ते हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवलेला चिकट थर. करंट कातडीत नेतो तो हा ओला थर. तो सगळीकडनं सारखा चिकटलेला असला की करंट पॅडाच्या पूर्ण चौकोनात वाटला जातो आणि मऊ मुंग्या येतात. जेल वाळलं, कड उचलली गेली, मधे मळ बसला, की तेवढाच करंट उरलेल्या बारक्या जागेतनं घुसतो आणि तिथं सुई टोचल्यासारखं होतं. कातडी कोरडी असली तरी तेच. म्हणजे मशीन जास्त करंट सोडतंय असं वाटतं, पण करंट तेवढाच असतो, वाट अरुंद झालेली असते.

आणि आपल्या भागात ह्यात एक स्पेशल भर आहे, ती मॅन्युअलमधे सापडायची नाही. हळद. सांगलीत गुडघा दुखायला लागला की पहिला इलाज हळद-तेलाचा, मग कुणी रात्री लेप लावून झोपतं, कुणी सकाळी तिळाचं तेल चोळतं, आणि दुपारी जेवण झाल्यावर त्याच गुडघ्यावर पॅड चिकटवायचा. तासगावकडच्या एका मामांनी मशीन आणून दिलं होतं, द्राक्षबागेत दिवसभर उभं राहून कंबर आणि गुडघे दोन्ही गेलेले. म्हटलं आधी पॅड दाखवा. उजेडात धरून बघितला तर जेल पार पिवळंजर्द, मधे धोतराचे दोरे, दोन-तीन केस, कडेला मातीची बारीक रेघ, आणि बोट लावलं तर चिकटायच्या ऐवजी सरकतंय. तेलाचा थर बसला होता पूर्ण. तेलातनं करंट जात नाही. मामा म्हणाले, "बॅटरी बदल की पोरा." बॅटरी ठणठणीत होती. नवे पॅड लावले, गुडघा साबणानं धुवायला सांगितला, संपला विषय.

तर लावायच्या आधी जागा साध्या साबणानं धुवायची आणि पुसायची. क्रीम, बाम, तेल, पावडर काही नको. मलम लावायचंच असेल तर मशीन झाल्यावर लावा. लगेच आधी लावलेला बाम नुसता पॅडच खराब करतो असं नाही, त्याची जळजळ आणि करंटची जळजळ एकात एक मिसळते आणि मग नक्की कशानं भाजतंय तेच कळत नाही. पुरुषांच्या पायावर केस दाट असले की पॅड केसांवर तरंगतो, तेव्हा कात्रीनं किंवा ट्रिमरनं बारीक करा, पण ब्लेडनं तासून लगेच पॅड लावू नका, तासल्यावर कातडीवर न दिसणारे चरे पडतात आणि तिथं भयंकर चावतं. स्पिरिटनं पुसायची पण काहींना सवय असते, त्यानं कातडी आणखी कोरडी पडते.

पॅड थोडा वाळलेला असेल तर जेलवर स्वच्छ पाण्याचे एक-दोन थेंब बोटानं पसरा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या, पाणी आत मुरलं की चिकटपणा परत येतो. नळाखाली धरू नका, जेल फुगून लिबलिबीत होतं आणि सुटून येतं. एप्रिल-मेत आपल्याकडं जी कोरडी भट्टी पेटते तिच्यात पॅड उघडा राहिला तर एका दुपारीत कडा वळतात, म्हणून काम झालं की लगेच त्या प्लॅस्टिकच्या कागदावर परत चिकटवायचा आणि झिपच्या पाकिटात टाकायचा. कागद फेकून देणारी माणसं आहेत बरं का, आणि मग पॅड एकमेकांना चिकटवून ठेवतात, काढताना अर्ध्याचं जेल अर्ध्यावर. कितीही जपलं तरी हे पॅड २०-३० वेळा वापरले की थकतात. मशीन एकदाच घ्यायचं असतं, पॅड परत परत, हा खर्च दुकानदार घेताना सांगत नाही.

टोचणं पॅडाचंच आहे का हे बघायची सोपी युक्ती: इंटेन्सिटी कमी ठेवा, पॅडाच्या पाठीवर तळहात ठेवून सगळीकडनं सारखा दाबा. दाबल्यावर टोचणं जाऊन मुंग्या आल्या तर पॅड चिकटत नाहीये, दुसरं काही नाही.

काळे कार्बन रबरचे पॅड वेगळे, पट्ट्यानं बांधायचे. त्यांना जेल लागतंच. बऱ्याच घरात जेलची बाटली संपली की नुसतं पाणी लावून काम भागवतात आणि दहा मिनिटांनी पाणी सुकलं की बोंब. खोबरेल तेल लावलेलं पण मी बघितलंय, ते कशासाठी विचारलं तर म्हणे "चिकट आहे की ते पण".

एक शंका वारंवार येते की एकाच वायरीचे दोन पॅड, मग एकाखालीच जोरात का लागतं. बऱ्याच मशीनांची लाट दोन्ही बाजूंनी सारखी नसते, त्यामुळं काळ्या पिनेच्या पॅडाखाली जास्त जाणवतं. खात्री करायची असेल तर शून्यावर आणून लाल-काळी पिन अदलाबदल करा. जोर पिनेबरोबर दुसऱ्या पॅडाखाली गेला तर तो बिघाड नाही, असंच असतं. जोर त्याच जागेवर राहिला तर तिथला पॅड किंवा तिथली कातडी बघा.

आता मुंग्याच येत नाहीत त्याचं. वायर. ह्या वायरी नाजूक असतात, आत केसासारख्या तारा, आणि तुटतात त्या कायम दोन ठिकाणी, मशीनच्या जॅकपाशी जिथं रबर संपतं तिथं आणि पॅडाच्या पिनेपाशी. तुटतात कारण आपण पॅड काढताना पॅडाची कड धरायच्या ऐवजी वायर ओढतो, आणि झालं की वायर मशीनभोवती करकचून गुंडाळून ठेवतो, आमची आई तर वरनं रबर बँड पण लावते, किती सांगितलं तरी. बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत असतं म्हणून तुटलेलं दिसत नाही. मल्टिमीटर असेल तर वायर मशीनपासून आणि पॅडापासून सोडवा, कंटिन्युइटीवर लावा, एक टोक जॅकच्या धातूला आणि एक पिनेला, आणि वायर जॅकपाशी इकडं-तिकडं वाकवा. बीप अखंड राहिला पाहिजे. वाकवल्यावर तुटतोय, परत येतोय, म्हणजे सापडलं. जॅकमधे दोन वेगळे भाग असतात, टोक एका पिनेचं आणि मागचा दांडा दुसऱ्या पिनेचा, दोन्ही तपासा. अशी वायर टेप मारून चालवू नका, वर सांगितलेला फटका तिथनंच बसतो. नवी घ्या.

मल्टिमीटर नसेल तर मशीनला बहुधा दोन चॅनेल असतात, त्याचा उपयोग करा. वायर तीच ठेवून चॅनेल बदला, मग चॅनेल तोच ठेवून वायर बदला, मग पॅड बदला. एका वेळी एकच गोष्ट. लोक तिन्ही एकदम बदलतात, चालू झालं की खूश होतात, आणि आठ दिवसांनी परत बंद पडलं की नक्की कशामुळं चालू झालं होतं ते कुणालाच माहीत नसतं. तपासायला स्वतःच्या एकाच हाताच्या कोपराखालच्या भागावर दोन्ही पॅड चार बोटं अंतरावर लावा. एक पॅड डाव्या हातात आणि एक उजव्या हातात धरून 'येतंय का' बघायचं नाही, त्यात करंटची वाट छातीतनं जाते.

मल्टिमीटरनं मशीनचा आउटपुट मोजायच्या फंदात पडू नका. मला हे माझ्याच धंद्यातले लोक विचारतात म्हणून सांगतो. १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० ठोके) आणि एकेक ठोका २०० मायक्रोसेकंदांचा लावलं तर सेकंदातला फक्त २ टक्के वेळ मशीन करंट सोडत असतं, तो पण उलटसुलट दोन्ही दिशांनी, त्यामुळं डीसीवर शून्याच्या आसपास दिसतं आणि एसीवर साधा मीटर काहीतरी भलतंच दाखवतो. काही मशीनं पॅड कातडीला लागलेले नसले की आउटपुटच देत नाहीत. त्यावरनं मशीन मेलं म्हणायचं कारण नाही.

सेलाचं थोडक्यात. जुन्या पद्धतीच्या नॉबवाल्या मशीनात ९ व्होल्टचा चौकोनी सेल असतो. सगळ्यात स्वस्त सेल घातला तर लोड आला की तो बसतो, लाइट लागलेला दिसतो पण करंट वर चढत नाही, म्हणून अल्कलाइन घाला. रिचार्जेबल घातलात तर त्यावर ९ लिहिलेलं असलं तरी आत ८.४ किंवा काहींत ७.२ च असतात, काही मशीनं त्यावर पहिल्या दिवसापासून लो बॅटरी दाखवतात. पावसाळ्यात बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर गळतो आणि क्लिपवर हिरवट-पांढरा थर येतो. आणि यूएसबीवाली मशीनं चार्जिंगला लावून अंगाला लावायची नाहीत, कधीच नाही. स्वस्तातल्या चार्जरमधनं काय काय गळतं हे मी रोज बघतो.

"येतंय आणि जातंय" ही तक्रार आली तर वायर बघायच्या आधी मोड बघा. हल्लीच्या बऱ्याच मशीनांत टेन्स आणि ईएमएस दोन्ही असतात. ईएमएस स्नायू आवळायला असतं, ते काही सेकंद करंट देतं, काही सेकंद थांबतं, परत देतं, आणि बटन चुकून तिकडं गेलं की माणसाला वाटतं लूज कॉन्टॅक्ट आहे. नॉबवाल्यात बी, एन, एम असा बारका स्विच असतो. एन वर सलग मुंग्या, बी म्हणजे बर्स्टवर ठक-ठक असे ठोके, एम म्हणजे मॉड्युलेशनवर कमी-जास्त होत राहतं. ते तसंच असायला पाहिजे.

आता ती तिसरी भानगड, जिच्यासाठी खरं म्हणजे हे लिहायला बसलो. मुंग्या येतात, दुखणं हटत नाही.

ह्याच्या मागचं गणित थोडं कळलं तर बरं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी गेट कंट्रोलची थिअरी मांडली. धडकलं की आपण ती जागा चोळतो आणि चोळल्यावर बरं वाटतं, त्याचं कारण त्यात सापडतं. स्पर्शाची खबर नेणाऱ्या नसा जाड आणि वेगवान, दुखण्याची खबर नेणाऱ्या बारीक आणि सावकाश, आणि दोन्ही मज्जारज्जूत एकाच गेटपाशी येतात. मार्केट यार्डाच्या गेटातनं मोटारसायकलींची झुंबड घुसली की हळदीचा ट्रक मागंच अडकून राहतो, तसं. टेन्सच्या मुंग्या म्हणजे ती झुंबड. पुढं असं पण दिसलं की मेंदू आणि मज्जारज्जूत शरीराचीच अफूसारखी द्रव्यं ह्यानं सुटतात. (विजेनं दुखणं मारायची कल्पना नवी नाही, रोमन काळातला स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य पहिल्या शतकात गाउटच्या सांधेदुखीला करंट मारणारा जिवंत मासा लावायला सांगायचा. त्याच्या पेशंटना बॅटरीचा खर्च नव्हता.)

ह्यातनं दोन गोष्टी निघतात आणि त्या दोन्ही लोक एकच समजतात. पहिली, एकाच बैठकीतली. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मुंग्या फिक्या पडतात, नसांना त्याच त्या ठोक्याची सवय होते. पंख्याचा आवाज थोड्या वेळानं ऐकू येत नाही तो प्रकार. यात काही बिघडलेलं नाही, नॉब जरासा वाढवा, परत जाणवेपर्यंत, किंवा सुरुवातच मॉड्युलेशनवर करा.

दुसरी, दिवसांमागनं येणारी. रोज त्याच सेटिंगवर, त्याच जागी, तेवढाच वेळ लावलं की चार-पाच दिवसांनी मुंग्या पहिल्यासारख्याच येतात पण आराम कमी मिळतो. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कॅथलीन स्लुका यांच्या गटानं हे सुजलेल्या गुडघ्याच्या उंदरांवर दाखवलं, रोज टेन्स दिल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत उपयोग संपत गेला, अफूच्या गोळीची सवय लागून डोस पुरेनासा व्हावा तसंच हे टॉलरन्स. नंतर माणसांवर पण असंच आढळलं. आता पहिला परिच्छेद आठवा, 'पहिले चार-पाच दिवस लई भारी'. आणि महिनाभर डब्यात ठेवून काढल्यावर परत दोन दिवस बरं का वाटतं, ते नव्या सेलामुळं नसतं, सुट्टीमुळं असतं.

मग करायचं काय. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती ठोके, ती बदलत राहायची. ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास लावलं की बारीक दाट मुंग्या येतात, तो साधा मोड. २ ते ४ हर्ट्झ लावलं आणि इंटेन्सिटी जास्त ठेवली की स्नायू ठकठक उडतो, तो दुसरा. हे दोन्ही शरीरात वेगळ्या वेगळ्या रिसेप्टरवर, म्हणजे ती अफूसारखी द्रव्यं जिथं जाऊन बसतात त्या जागांवर, काम करतात, म्हणून आलटून पालटून किंवा एकाच बैठकीत मिसळून लावले की सवय लागायला जास्त दिवस लागतात, हे पण त्याच गटाच्या प्रयोगांत दिसलं. आईला मी एक दिवस साधा, एक दिवस ठोक्यांचा असं लावून देतो, आणि मधे एखादा दिवस मशीनला सुट्टी. सुरुवातीला कुरकुर केली, "मला ते मुंग्यांचंच लाव, हे पाय उडवतंय माझा," पण आता चालतंय. घरी लावायला तुमच्या फिजिओनं काही ठरवून दिलं असेल तर त्यांना विचारूनच बदला.

इंटेन्सिटीबद्दल आपल्याकडं दोन टोकं. बायका बहुतेक फार कमी ठेवतात, 'जरा कळतंय तेवढं बास', आणि पुरुष पैज लावल्यासारखं वाढवतात. कमी ठेवलं तर उपयोग होत नाही, हे अभ्यासांत बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. जोरदार लागलं पाहिजे पण सोसवेल इतकंच, दात खाऊन बसायची वेळ येऊ नये.

एक बारीक मुद्दा, पाठीच्या नाहीतर गुडघ्याच्या दुखण्याला ट्रमाडॉलसारखी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची गोळी रोज चालू असेल तर त्या २-४ हर्ट्झच्या ठोक्यांचा फायदा कमी मिळू शकतो, कारण दोघांचा रिसेप्टर एकच. अशा वेळी १०० हर्ट्झवाला मोड बरा. गोळी मनानं बंद करायची नाही.

पॅडाची जागा पण बघा. गुडघ्याची वाटी हाडकी असते, तिच्यावर पॅड बसत नाही आणि टोचतो, तिच्या वर-खाली आणि दोन्ही बाजूंच्या मऊ भागावर लावा म्हणजे दुखरी जागा मधे सापडेल. कमरेला मणक्याच्या बरोब्बर वर न लावता दोन्ही बाजूंना. पॅड एकमेकांना चिकटले तर करंट कातडीवरच्या कातडीवरच फिरून जातो.

"फिजिओकडं गेल्यावर किती मऊ आणि खोल लागतं, ह्याचं तसं का लागत नाही," हे पण सारखं ऐकतो. तिथं बहुतेक आयएफटी असतं. त्यात ४००० हर्ट्झच्या आसपासचे दोन करंट एकमेकांत मिसळतात, तेवढ्या वेगाला कातडीचा अडथळा कमी पडतो म्हणून ते मऊ वाटतं. घरातलं मशीन कितीही चांगलं असलं तरी तसं वाटणार नाही, त्यासाठी ते बदलून आणू नका.

आणि हे पण खरं बोललं पाहिजे. टेन्सनं गुडघ्याची झीज भरून येत नाही. २०२२ मधे जगभरातल्या ३८१ चाचण्या एकत्र करून एक मोठा आढावा झाला, त्यात टेन्स चालू असताना आणि त्यानंतर लगेच दुखणं कमी होतं असं निघालं. दुसरीकडं कुठला उपचार द्यावा हे सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस या संस्थेनं कंबरदुखीसाठी २०१६ मधे आणि सांध्यांच्या झिजेसाठी २०२२ मधे टेन्स देऊ नका असंच सांगितलं, फायद्याचा पुरावा पुरत नाही म्हणून. माझ्या मते दोन्हींत भांडण नाही. आईला मशीन लावल्यावर तास-दीड तास बरं असतं, त्या वेळात ती फिजिओनं सांगितलेले मांडीचे व्यायाम करते, जे एरवी दुखतंय म्हणून टाळते. एवढ्यासाठी मशीन ठेवलंय. जो माणूस नुसतं मशीन लावून टीव्हीसमोर बसतो आणि महिन्यानं म्हणतो गुण आला नाही, त्याला कुठला पॅड बदलून देणार.

कुणाला लावायचंच नाही ते: पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं तसलं कुठलंही यंत्र असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गरोदर बाईच्या पोटावर-कमरेवर नको. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्यावर, छातीच्या आरपार नको. जखमेवर, पुरळावर, कॅन्सरच्या गाठीच्या जागी नको. फिट येणाऱ्यांनी आधी विचारा. झोपताना, गाडी चालवताना, अंघोळीला नको. आणि साखर जुनी असलेल्यांचं विशेष बघा, पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यांना मुंग्या कळत नाहीत, ते 'लागेना' म्हणून वाढवत जातात आणि कातडी भाजते तरी पत्ता नसतो. त्या माणसाची 'करंट लागेना' ही तक्रार आली तर मशीन बघू नका, पाय दाखवायला न्या.

पॅड काढल्यावर खाली गुलाबी चौकोन दिसतो तो थोड्या वेळानं जातो, तो चालतो. खाज सुटली, पुरळ आलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहिलं तर जेलची ॲलर्जी असू शकते, वेगळ्या कंपनीचे पॅड घ्या आणि जागा थोडी सरकवून लावा. पिंढरी एकाच पायाची सुजली, गरम लागतेय, तर मशीन अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टर. कमरेचं दुखणं पायात उतरून पाय लुळा पडायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर तसंच थेट मिरजेला नाहीतर जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल तिथं. गुडघा लाल होऊन ताप आला तरी तेच.

पॅड आणायला जाताना जुना पॅड आणि वायर दोन्ही खिशात घालून न्या. पिनवाला आणि बटनवाला असे दोन प्रकार येतात, पिन बहुतेक २ मिलिमीटरची असते आणि पॅडाच्या शेपटीतल्या भोकात घुसते, बटनवाला वरनं टचकन बसतो. फोनवर सांगून मागवलं की हमखास दुसरा येतो, आणि फोडलेलं पाकीट परत कोण घेत नाही.